अकरा दिवस उघडं कोठार

१

सकाळचे साडेआठ वाजले होते. तीन मजली घराच्या मधल्या मजल्यावर शिवणवाली मशीनमध्ये दोरा ओवत होती आणि तिची सहा वर्षांची लेक खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजत होती. मोजता मोजता ती थांबली आणि अगदी सहज म्हणाली, "आई, बाबा आलेत."

शिवणवालीच्या हातातून दोरा सुटला. सात महिने ती या घरात राहत होती आणि सात महिन्यांत घराचा पत्ता तिनं सख्ख्या आईलाही कळू दिला नव्हता. नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायकांसाठी एक संस्था हे घर चालवायची. बाहेर पाटी नाही, दारावर नाव नाही, आत बारा बायका आणि त्यांची मुलं. आणि आता फाटकाशी तो उभा होता. हातातल्या कागदाकडे एकदा बघत होता, भिंतीवरच्या घर क्रमांकाकडे एकदा. चुकून आलेला माणूस असा ताळा करून बघत नाही.

गृहमातेनं फाटकाला साखळी घातली, पोलिसांना कळवलं आणि संस्थेच्या ऑफिसात राहणाऱ्या नोंदणीताईला फोन केला. नोंदणीताई पायात चपला न घालताच धावत आली. कपडे वाळत घालायच्या मागच्या अंगणातून तिनं मायलेकींना बाहेर काढलं, गाडीत घातलं आणि थेट पोलीस ठाणं गाठलं. पुढच्या दारी तोवर दोन काचा फुटल्या होत्या. मग पोलिसांची गाडी आली आणि त्याला घेऊन गेली.

घर शांत झालं, पण ती शांतता काही बरी नव्हती. आपल्यातलंच कुणीतरी फुटलं, हे जी ती मनात म्हणत होती. कालपर्यंत एका ताटात जेवणाऱ्या बायका एकमेकींकडे तिरक्या नजरेनं बघू लागल्या. फोनवर कोण बोललं, भावाला कुणी पत्र धाडलं, बाजारात कोण जास्त वेळ रेंगाळलं, याची मोजदाद सुरू झाली.

शहराच्या दुसऱ्या टोकाला कुलूपबाई आपल्या सासूबाईंना रक्तदाबाची गोळी देत होत्या. ही गोळी पावणेदहाच्या ठोक्याला द्यावी लागायची, पाच मिनिटं इकडंतिकडं झालं की सासूबाई दिवसभर ऐकवायच्या. नेमका तेव्हाच फोन वाजला. संस्थेच्या संचालिका बोलत होत्या, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. घडलेला प्रकार त्यांनी चार वाक्यांत सांगितला. जिना चढून आल्यासारखा त्यांचा श्वास लागत होता.

"आमच्या फाइली बाहेरच्या माणसाला दिसतात का, एवढंच बघून द्या," त्या म्हणाल्या. "आजच बघा. अजून अकरा बायका आहेत."

२

कुलूपबाईंची बावीस वर्षं एका रुग्णालयाच्या नोंदी ठेवण्याच्या खोलीत गेली होती. पुढे कागद कपाटातून उठून क्लाउडवर गेले, तशा त्याही कागदांच्या मागोमाग गेल्या आणि नवं काम शिकल्या. आता संस्था, दवाखाने, शाळा त्यांना बोलवत आणि विचारत, आमचं सगळं नीट बंद आहे ना? क्लाउडवरच्या साठ्याला त्या सरळ कोठार म्हणत. कोठार म्हटलं की पुढच्याला कुलूप समजावून सांगावं लागत नाही, असं त्यांचं मत होतं.

संस्थेचं ऑफिस औषधाच्या दुकानावर होतं. पुढे दोन खोल्या आणि मागे नोंदणीताईची राहायची खोली. ऑफिसची पाटी मात्र मोठी होती, कारण बायकांना आधी इथंच यायचं असे. घर कुठे आहे ते इथल्या चौघापाचांनाच ठाऊक.

कुलूपबाईंनी ऑफिसच्या कॉम्प्युटरला हातही लावला नाही. स्वतःचा लॅपटॉप उघडला, स्वतःच्या मोबाइलचं इंटरनेट जोडलं आणि परक्या माणसासारखं संस्थेच्या कोठाराचं दार ठोठावलं. एक फाइल, दुसरी, पंचविसावी. दर वेळी एकच उत्तर येत होतं, परवानगी नाही. मग त्यांनी मोठ्या बाईंना मुख्य कुलूप दाखवलं. कोठारातल्या एखाद्या खणाची कडी कुणी चुकून काढली, तरी हे कुलूप लागलेलं असेपर्यंत बाहेरच्याला आत काही दिसत नाही. हे काढायचं तर पडद्यावर लाल सूचना येते आणि 'खात्री आहे' असं आपल्या हातानं टाइप करावं लागतं. कोपर लागून निघणारं कुलूप नव्हे ते.

"म्हणजे सगळं बंद आहे," मोठ्या बाई म्हणाल्या आणि खुर्चीत मागे टेकल्या.

"आत्ता बंद आहे," कुलूपबाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी चहा मागवला. साठीच्या, ताठ कण्याच्या बाई. ही संस्था त्यांनी एका खोलीतून उभी केली होती. सकाळी आपण इथं दहाला पोचलो, तोवर सगळं घडून गेलं होतं, याची त्यांना फार खंत वाटत होती. घरातलंच कुणीतरी बोललं असणार, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. कुलूपबाई ऐकत होत्या, पण त्यांच्या मनात कुठेतरी खडा लागत होता. कुठला, ते त्यांचं त्यांनाही उमगेना.

दुपारी दोनला पोलीस ठाण्यातून फोन आला. इतका वेळ तोंडात गुळणी धरून बसलेला नवरा बोलायला लागला होता. त्याच्या खिशातला कागद म्हणजे संस्थेचाच छापलेला नोंदणी अर्ज होता, वर शिवणवालीचा फोटो, खाली घराचा पूर्ण पत्ता. कुणी दिला, असं विचारल्यावर तो हसला होता.

"कुणी दिला नाही," तो म्हणाला होता. "चोरीही केली नाही. तुमचं दार उघडं होतं."

३

दार कसं सापडलं, ते संस्थेच्या वकीलसाहेबांच्या टेबलावर कळलं. शिवणवालीचा घटस्फोटाचा अर्ज अकरा दिवसांपूर्वी कोर्टात दाखल झाला होता आणि त्याची प्रत नवऱ्याला पाठवणं भाग होतं. वकीलसाहेबांनी तीन वर्षांच्या शिरस्त्याप्रमाणे लिंक पाठवली. ती एकाच कागदाची असे आणि सात दिवसांत मरून जाई. लिंकच्या शेवटी मात्र कागदाचा क्रमांक दिसे, दोनशे चौदा, एक. म्हणजे दोनशे चौदाव्या बाईचा पहिला कागद.

नवरा मालाच्या गोदामात पाठवणीच्या टेबलावर बसायचा. दिवसभर पार्सलांचे क्रमांक टाइप करणं हाच त्याचा धंदा. त्यानं एकच्या जागी दोन टाकला, मागची परवानगीची लांब शेपटी उडवली, आणि कागद उघडला. मग तीन. चारवर बायकोचा नोंदणी अर्ज आला.

वकीलसाहेब घाम पुसत होते. कुलूप लागलेलं असतं तर क्रमांक बदलून त्याला काहीही मिळालं नसतं, ही त्यांची बाजू खरी होती. तरी त्यांनी लिंकचा विषय तीनदा काढला आणि तिन्ही वेळा दोष कॉम्प्युटरवाल्यावर ढकलला.

कॉम्प्युटरवाल्याचं दुकान म्हणजे तारांचं जंगल. संस्थेचं काम तो वरकड म्हणून बघायचा. कुलूपबाईंनी कोठाराची हजेरीवही मागितली. कोण कधी आलं, काय उघडलं, काय बंद केलं, हे सगळं कोठार आपणहून टिपून ठेवत असतं. त्यानं पानं छापून दिली, पण देताना पडदा अलगद आपल्याकडे वळवून घेतला. तेवढ्यात कुलूपबाईंच्या नजरेला न वाचलेल्या टपालाचा लाल आकडा पडला. चारशेच्या वर होता तो.

पानांवर कामाच्या दोनच ओळी होत्या. अकरा दिवसांपूर्वी, ९:५०, मुख्य कुलूप काढलं, कोठार सर्वांसाठी खुलं. आज, ३:५०, मुख्य कुलूप पुन्हा लावलं. दोन्ही नोंदी नोंदणीताईच्या खात्यावरून, आणि दोन्ही ऑफिसच्याच इंटरनेटवरून. म्हणजे बाहेरचे सगळे सुटले, कॉम्प्युटरवाला आणि वकीलसाहेबसुद्धा. ऑफिसची किल्ली दोघींकडेच होती, नोंदणीताई आणि मोठ्या बाई. त्यातली एक तर तिथंच राहायची.

नवरा साडेआठला आला. कुणीतरी त्याच्या साडेचार तास आधी उठून दार लावून घेतलं होतं, जणू तो येणार हे ठाऊक असल्यासारखं.

कुलूपबाईंनी वकीलसाहेबांना फोन करून हे सांगितलं.

"सांगणार नव्हतो," ते म्हणाले. "पण अर्जावर दोन्हीकडची नाती लिहावी लागतात. तो माणूस आपला कोण लागतो, हे एकदा नोंदणीताईलाच विचारा."

४

नोंदणीताई चाळिशीची, बारीक चणीची बाई. नऊ वर्षांपूर्वी ती स्वतः याच घरात राहायला आली होती आणि मग इथलीच झाली. तिच्या टेबलावर स्कॅनर, शिक्का आणि टोकं एका उंचीची केलेल्या पेन्सिली. कॉम्प्युटर सदा चालू. पासवर्ड विचारत नाही का, असं कुलूपबाईंनी विचारलं, तर म्हणाली, दिवसातून चाळीसदा उठावं लागतं, दर वेळी कुठं टाकत बसू.

त्या दिवशी नऊ पन्नासला कुठे होतीस, याचं उत्तर तिनं न चाचरता दिलं. ऑफिसात, एकटीच. साडेअकराला शिवणवालीला घेऊन कोर्टात गेली, ती पाच वाजता परतली. आज पहाटे तीन पन्नासला? झोपले होते, ती म्हणाली, आणि झोपेला साक्षीदार नसतो हे तिचं तिलाच जाणवलं.

"आणि तो तुझा कोण?" कुलूपबाईंनी विचारलं.

नोंदणीताईनं खिडकी लावून घेतली. मग खाली बघत म्हणाली, "आत्याचा मुलगा."

लहानपणापासून त्याचा हात चालायचा, हे तिला माहीत होतं. लग्नात अक्षता टाकताना सुद्धा तिला वाटलं होतं, मुलीच्या कानात सांगावं. सांगितलं नाही. सहा वर्षांनी एका बारशाला शिवणवाली लांब बाह्यांचं पोलकं घालून आली, भर उन्हाळ्यात, तेव्हा नोंदणीताईनं तिला स्वयंपाकघरात गाठून एवढंच म्हटलं, नीघ तिथून. मीच आणलं तिला इथं, ती म्हणाली. नातं सांगितलं असतं तर तिची फाइल माझ्या हातात कुणी दिली असती? आणि माझ्या हातात नसती तर मला झोप लागली नसती.

ही गोष्ट खरी वाटत होती. पण नेमक्या अशाच गोष्टी खोट्या निघतात, हेही कुलूपबाईंनी बावीस वर्षांत पाहिलं होतं. त्यांनी सकाळचा सगळा क्रम पुन्हा विचारून घेतला. ठाण्यातल्या इन्स्पेक्टरांचा आधी विश्वासच बसला नाही, असं नोंदणीताई सांगत होती. अनवाणी बाई, बरोबर रडणारी मुलगी. शेवटी त्यांनी खात्री करायला ऑफिसच्या टेबलावरच्या फोनवर फोन लावला, मोठ्या बाईंनी उचलून ही आमचीच आहे असं सांगितलं, तेव्हा कुठे आत घेतलं. सव्वानऊ झाले असतील.

पुढच्या खोलीतून मोठ्या बाई आल्या. चेहरा ओढलेला. हजेरीवहीची पानं त्यांच्या हातात होती. उद्या अकरा वाजता ही पानं पोलिसांना देणार, असं त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं. तोवर नोंदणीताईनं कामाला हात लावू नये.

नोंदणीताईनं खणातून एक कागद काढून कुलूपबाईंच्या हातात दिला. कोर्टाची पोच होती ती. शिवणवालीला द्या, म्हणाली, तिला पुढच्या तारखेला लागेल. आणि ती सामान बांधायला मागे गेली.

५

संध्याकाळी सासूबाई स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत होत्या. त्यांना दिवसभराची हकीकत लागायची. नावगाव त्या विचारत नसत, पण चोर कोण हे मात्र ठरवून टाकत. आजवर त्यांनी दूधवाल्यापासून स्वतःच्या थोरल्या जावेपर्यंत सगळ्यांना चोर ठरवून झालं होतं.

कुलूपबाईंनी पानांची आपली प्रत टेबलावर पसरली आणि सांगत गेल्या. काढलेलं कुलूप, अकरा दिवस उघडं दार, मग पहाटे उठून ते लावणारी बाई. सासूबाईंनी एक किडकं पान बाजूला टाकलं.

"तुमचं काहीतरी उलटं होतंय," त्या म्हणाल्या. "चोराला वाट करून देणारी बाई चोर यायच्या आधी दार कशाला लावेल? चोर येऊन गेल्यावर धावत जाऊन दार कोण लावतं? ज्याच्या हातून ते उघडं राहिलं, तो लावतो."

कुलूपबाई हसल्या. चोर साडेआठला आला आणि दार तीन पन्नासला लागलं, हे त्यांनी पुन्हा सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, मग घड्याळ बघा तुमचं, आणि देठं गोळा करून उठल्या.

कुलूपबाई तशाच बसून राहिल्या. मग उगाच हाताला चाळा म्हणून त्यांनी कोर्टाची पोच उघडली. निळा गोल शिक्का, त्यात तारीख आणि वेळ ठसठशीत होती, दुपारचे १२:४०. हजेरीवहीत हा कागद केव्हा चढला, ते त्यांनी सहज शोधलं. दोनशे चौदा, पाच. नोंदणीताईच्या मोबाइलवरून, कोर्टाच्या वऱ्हांड्यातून. तारीख तीच. वेळ, ७:३५.

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. शिक्का बाराचाळीसला पडला आणि शिक्क्यासकट त्याचा फोटो सात पस्तीसला कोठारात पोचला. कागद जन्मायच्या पाच तास आधी.

६

सकाळी दुकान उघडायच्या आधीच कुलूपबाई फळीपाशी उभ्या होत्या. कॉम्प्युटरवाल्यानं त्यांना पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. त्यांनी पोच आणि पान शेजारी शेजारी ठेवलं आणि दोन्ही वेळांवर बोट ठेवलं.

क्लाउडचं घड्याळ साऱ्या जगासाठी एकच असतं, तो म्हणाला. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. हजेरीवहीतली प्रत्येक वेळ साडेपाच तासांनी पुढे वाचायची.

"काल का नाही बोललास?"

"कुणी विचारलं नाही," तो म्हणाला. ते त्यालाही पटलं नसावं, कारण त्यानं स्टूल ओढलं, बसला आणि सगळं ओकला. कोठार उघडं असलं की कंपनी रोज इशाऱ्याचं पत्र पाठवते. अकरा दिवस, अकरा पत्रं, सगळी त्याच्या टपालात न वाचता पडलेली. काल ती दिसली, म्हणून त्यानं पडदा वळवून घेतला. वेळेचा विषय निघाला असता तर पत्रांचाही निघाला असता. शिवाय नोंदणीताईच्या खात्याला कोठाराचे सगळे अधिकार त्यानंच दिले होते, उठसूट आपल्याला बोलावणं येऊ नये म्हणून.

एका बाईची नोकरी जात होती, तरी तू गप्प बसलास, कुलूपबाई म्हणाल्या.

त्यांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. कोर्टाचा कागद सात पस्तीस अधिक साडेपाच तास, दुपारी एक पाच. शिक्क्यानंतर पंचवीस मिनिटांनी. बरोबर बसत होतं. मग कुलूप निघालं ते सकाळी नऊ पन्नासला नव्हे, दुपारी तीन वीसला, नोंदणीताई कोर्टात असताना. आणि लागलं ते पहाटे तीन पन्नासला नव्हे, सकाळी नऊ वीसला, नोंदणीताई पोलीस ठाण्यात असताना. दोन्ही वेळी ऑफिसात दुसरंच कुणीतरी त्या चालू कॉम्प्युटरसमोर बसलं होतं.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला तुला कुणाचा फोन आला होता का, असं त्यांनी विचारलं. कॉम्प्युटरवाल्यानं मोबाइल काढला, बोटानं यादी अकरा दिवस मागे सरकवली आणि त्यांच्यासमोर धरली. तीन वाजून सहा मिनिटांपासून तीन चौदापर्यंत, न उचललेले चार फोन. चारही एकाच नंबरवरून.

७

अकराला दहा कमी असताना कुलूपबाई ऑफिसात शिरल्या. मोठ्या बाई टेबलाशी बसल्या होत्या. पानं लिफाफ्यात घालून झाली होती, लिफाफा अजून चिकटवला नव्हता. मागच्या खोलीच्या दाराशी नोंदणीताईची पेटी.

कुलूपबाईंनी दार लावून घेतलं आणि बसल्या. घड्याळाचं सांगितलं, शिक्क्याचं सांगितलं. त्या दिवशी दुपारी ऑफिसात कोण होतं, या प्रश्नावर त्यांनी परदेशातून आलेल्या पाहुण्यांचं नाव घेतलं. संस्थेचं काम बघायला आले होते, तीन ते चार.

"पाहुणे कोठाराला हात लावत नाहीत," कुलूपबाई म्हणाल्या. "आणि काल सकाळी नऊ वीसला ते इथं नव्हते."

"मीही नव्हते. मी दहाला आले."

"नोंदणीताईला ठाण्यात घ्यायच्या आधी त्यांनी इथं फोन केला होता. या टेबलावरच्या फोनवर. सव्वानऊला. मी आत्ता ठाण्यातूनच येतेय, त्यांच्या वहीत तुमचं नाव आहे."

मोठ्या बाईंचा हात लिफाफ्यावरून बाजूला झाला.

काल आपल्याला सलणारा खडा कोणता, ते कुलूपबाईंना आता कळलं होतं. तो त्यांनी हळूच समोर ठेवला. "तुम्ही मला फोन केलात तो पावणेदहाला. तेव्हा सगळं घर म्हणत होतं, कुणीतरी बोललं. कागद कुठून आला हे नवऱ्यानं सांगितलं दुपारी दोनला. मग पावणेदहाला तुम्हाला फाइलींचीच शंका कशी आली?"

खालच्या दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, ते वर स्पष्ट ऐकू आलं. मोठ्या बाईंनी लिफाफा दूर सारला. बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता.

पाहुण्यांना मोठ्या टीव्हीवर संस्थेच्या कामाचे फोटो दाखवायचे होते. बायकांचे चेहरे न दिसणारे, हातांचे, यंत्रांचे, मुलांच्या चित्रांचे. ऐन वेळी सगळ्या फोटोंच्या जागी करडे चौकोन. कॉम्प्युटरवाला फोन उचलेना. पाहुणे घड्याळ बघू लागले. त्या नोंदणीताईच्या कॉम्प्युटरसमोर बसल्या, सापडतील त्या बंदीच्या खुणा काढत गेल्या, लाल सूचना आली तीही टाइप करून घालवली. फोटो दिसले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो आणि फाइली एकाच कोठारात आहेत, हे तेव्हा त्यांच्या गावीही नव्हतं.

"काल गृहमातेचा फोन आला आणि मला ती लाल सूचना आठवली," त्या म्हणाल्या. "आधी काय वाचलं होतं ते तेव्हा आठवलं. सर्वांना दिसेल, असं लिहिलं होतं."

"म्हणून धावत येऊन लावलंत."

"लावलं. मग बाकीच्या अकराजणींची भीती वाटली, म्हणून तुम्हाला बोलावलं."

इथवरचं कुलूपबाईंना समजू शकत होतं. पुढचं त्यांना विचारवत नव्हतं, पण विचारलं. मग नोंदणीताई?

मोठ्या बाई टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिल्या. यादीत दुपारी तीनची नोंदच नव्हती, त्या म्हणाल्या. सकाळी नऊ पन्नासची होती. मला वाटलं, माझ्याआधी सकाळीच तिनं उघडलं असेल. तिचं नातंही निघालं. मी रात्रभर स्वतःला तेच सांगत होते. आणि सांगताना मला माहीत होतं की तसं नाही.

मागचं दार किलकिलं होतं. नोंदणीताई पेटीशेजारी उभी होती. तिनं किती ऐकलं हे विचारायची गरज नव्हती.

८

मोठ्या बाईंनी लिफाफा पोलिसांना दिला, पण आत आपल्या हातानं लिहिलेली दोन पानं घालून. संचालकपद त्यांनी त्याच आठवड्यात सोडलं. जाण्याआधी त्या नोंदणीताईसमोर उभ्या राहिल्या आणि माफी मागितली. नोंदणीताईनं ऐकून घेतलं. नऊ वर्षांपूर्वी याच बाईंनी आपल्याला दारात उभं न करता आत घेतलं होतं, हे ती विसरली नव्हती. पण त्या दिवशी याच बाईंनी भिंतीकडे बघत काय सांगितलं, तेही तिच्या कानात होतं. तिनं नुसती मान हलवली. ती मान क्षमेची होती की निरोपाची, ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. नातं लपवल्याचं तिनं स्वतःहून वकीलसाहेबांना लेखी दिलं आणि शिवणवालीची फाइल दुसऱ्या हातात सोपवली.

नवरा कोठडीतच होता. दार उघडं होतं, हे त्यानं न्यायाधीशांनाही सांगून पाहिलं. दार उघडं दिसलं म्हणून घर तुझं होत नाही, असं त्याला तिथं ऐकावं लागलं.

कुलूपबाई तीन दिवस ऑफिसात बसल्या. फोटोंसाठी वेगळं कोठार केलं, ज्यात एकही नाव, एकही पत्ता जाणार नाही. फाइलींच्या कोठाराला मुख्य कुलूप लावलं आणि ते काढायचा अधिकार कुणा एकाच्या हाती ठेवलाच नाही, दोघांनी मिळून मागितल्याशिवाय ते हलायचं नाही. कागदांचे सरळ क्रमांक जाऊन तिथं लांबलचक, अंदाज न बांधता येणारी अक्षरं आली. इशाऱ्याची पत्रं आता तिघांकडे जाऊ लागली. कॉम्प्युटरवाल्यानं चारशे पत्रं बसून वाचली आणि संस्थेचं काम आपणहून दुसऱ्याला दिलं. नोंदणीताई उठली की पाच मिनिटांत तिचा पडदा आपोआप बंद होऊ लागला. पहिले दोन दिवस ती वैतागली, तिसऱ्या दिवशी पासवर्ड बोटांना पाठ झाला.

घर मात्र गेलं. कळलेला पत्ता परत न कळलेला करता येत नाही, त्याला कुठलंच कुलूप नाही. अकरा दिवसांत आणखी कुणी आत डोकावलं होतं का, हे हजेरीवही तपासून कुलूपबाईंनी सांगितलं, एक नवरा सोडून कुणी नाही. तरी त्या घरात कुणाला झोप लागेना. मग एका सकाळी दोन मालगाड्या आल्या आणि बारा बायका, त्यांची मुलं, भांडीकुंडी, शिवणयंत्र सगळं दुसरीकडे हललं. कुठे, ते आता तिघींनाच ठाऊक होतं.

शेवटच्या दिवशी नोंदणीताई कुलूपबाईंना जिन्यापर्यंत सोडायला आली. शिवणवालीच्या लेकीनं नव्या शाळेत पहिल्याच दिवशी दोन मैत्रिणी केल्या, आणि खिडकीत बसायचं तिनं अजून टाळलंच आहे, असं ती सांगत होती. सगळ्याजणी तुमचं नाव काढतात, तुम्हाला एकदा घरी जेवायला बोलवायचंय. बोलता बोलता तिनं कुलूपबाईंचा हात धरला.

"लांब नाही," ती म्हणाली. "इथून पुढे गेलं की–"

कुलूपबाईंनी चटकन तिच्या हातावर दुसरा हात ठेवला.

"मला सांगू नकोस," त्या म्हणाल्या.

नोंदणीताई थबकली. मग तिला समजलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मोकळेपणानं हसली. कुलूपबाई जिना उतरल्या आणि त्यांनी आपल्या घराची वाट धरली.